पिल्लू उंदराला तोंड लावेना

अमेरिकेत हौसेने पाळला जाणारा कॉर्न स्नेक अंड्यातून निघतो तेव्हा वीत-सव्वा वीत लांब असतो. पहिले काही दिवस पोटातल्या बलकावर निघतात, म्हणून पहिली कात टाकेपर्यंत त्याला भरवायची घाई करूच नये. खरी पंचाईत त्यानंतर. मालक आणतो उंदराचं गोठवलेलं गुलाबी पिल्लू. रानात या वयाचे साप बहुधा सरडे आणि झाडबेडूक धरतात. समोर आलंय ते अन्न आहे, हेच त्याला पटत नाही!

साप जिभेने गंधकण टिपून टाळूतल्या जेकबसन इंद्रियाकडे पोचवतो. तेव्हा फसवायचं ते नाकालाच. जाणते लोक ते पिल्लू धुऊन, कोमट करून त्यावर सरड्याची कात घासतात. मग साप आणि ते पिल्लू दोघांना छोट्या, अंधाऱ्या, हवेशीर डब्यात रात्रभर ठेवायचं. झाकण उघडून डोकवायचं नाही, आणि बहुतेकांना हेच जमत नाही. डब्याची एक बाजू साधारण २८-३० अंश उबदार हवी; गारठलेल्या सापाला पचत नाही. घशात कोंबणं हा शेवटचा उपाय, तोही पशुवैद्याच्या हातून.

आपल्याकडचे साप मात्र घरात ठेवू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. सापाचं पिल्लू दिसलं तर वनखात्याला कळवा.