उघड्यावरची मैफल आणि तिचा हिशेब

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या मासिक अंदाजपत्रकात करमणूक हा नेहमीच शेवटचा रकाना राहिला आहे. किराणा, दूध, घरभाडे किंवा कर्जाचा हप्ता, मुलांची फी, औषधपाणी हे सारे भागल्यावर जे उरेल, त्यात चौघांनी मिळून काय पाहावे, काय ऐकावे असा हा प्रश्न असतो. जोडून आलेल्या शनिवार-रविवारी चित्रपटगृहात जायचे म्हटले, तर तिकिटे, जाण्यायेण्याचे भाडे आणि मध्यंतरातले खाणे धरून हिशेब केल्यावर पुढचे दोन महिने तसा बेत करण्याची हिंमत होत नाही. अशा कुटुंबाला प्रवेशमूल्य नसलेली, आसनक्रमांक नसलेली, सहा वर्षांच्या मुलापासून सत्तरीच्या आजीपर्यंत सर्वांना एकाच सतरंजीवर बसू देणारी आणि तरीही अव्वल दर्जाचे संगीत ऐकवणारी जागा महाराष्ट्रात अद्याप आहे, याची पुष्कळांना कल्पना नसते. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात उरुसाच्या निमित्ताने भरणारी संगीत सभा ही अशी एक जागा होय.

या सभेचे सांगीतिक महत्त्व जाणकारांनी अनेकदा सांगितले आहे. प्रस्तुत लेखक जाणकार नव्हे. तो अर्थशास्त्र शिकवतो आणि कुटुंबासह गाणे ऐकायला जातो. त्यामुळे त्याला पडणारा प्रश्न थोडा निराळा आहे. ही फुकट दिसणारी मैफल खरोखर फुकट असते काय? नसल्यास तिची किंमत कोण मोजतो? आणि ती मोजत राहावी इतके तिचे मोल आहे काय?

चिंचेच्या झाडाखाली

मिरज हे गाव संगीताच्या इतिहासात दोन कारणांनी अढळ झाले आहे. पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी येथे विद्यादान केले आणि त्यांच्याच शिष्यत्वातून विष्णु दिगंबर पलुस्कर घडले. पुढे ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन करून संगीताला दरबारातून आणि कोठीतून बाहेर काढणारे विष्णु दिगंबर ते हेच. दुसरे कारण म्हणजे किराणा घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अब्दुल करीम खाँ. उत्तरेतील कैराना या गावी जन्मलेले खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले, दर्ग्यात त्यांनी गायनसेवा केली आणि २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीकडे जात असता वाटेतल्या एका लहान रेल्वे स्थानकावर त्यांचे निधन झाल्यावर त्यांचा देह या दर्ग्याच्याच परिसरात विसावला. त्यांच्या स्मरणार्थ उरुसाच्या दिवसांत चिंचेच्या झाडाखाली गाणे-बजावणे होते. गवई येथे बिदागीचा आकडा ठरवून येत नाहीत. हजेरी लावण्यासाठी येतात, अशी परंपरा आहे.

या उरुसाला सुरुवात होते ती चर्मकार समाजाच्या मानाच्या गलेफाने. पुढे चिंचेखाली जे गायक-वादक बसतात, त्यांत हिंदू-मुसलमान असा भेद कोणी विचारत नाही, आणि समोर बसलेल्या श्रोत्यांतही तो दिसत नाही. सांस्कृतिक ऐक्यावर परिसंवाद भरवणाऱ्यांनी एकदा येथे येऊन नुसते बसावे, असे वाटते.

उरूस हिजरी कालगणनेनुसार येत असल्याने तो दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. त्यामुळे सुट्टीचे दिवस दरवेळी जुळतातच असे नाही. पण ज्या वर्षी शनिवार-रविवार साधतो, त्या वर्षी नोकरदार कुटुंबाला याहून स्वस्त आणि याहून समृद्ध असे दोन दिवस मिळणे कठीण. सकाळी मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून चक्कर मारावी. एकोणिसाव्या शतकात शस्त्रे घडवणाऱ्या कारागिरांचे हात येथे तंतुवाद्यांकडे वळले आणि आजही भोपळा कोरून, लाकूड तासून, जवारी लावून तंबोरे तयार होतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. ज्या वाद्याचा भोपळा मुलाने सकाळी कारागिराच्या मांडीवर पाहिला, तेच वाद्य रात्री गायकाच्या मागे सुरात लागलेले तो ऐकतो. अशी शिकवण कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापता येत नाही.

रुची ही सवयीची लेक

सभागृहातील मैफल आणि ही उघड्यावरची मैफल यांत मुख्य फरक आहे तो मुलांच्या स्थानाचा. तिकीट काढून बसलेल्या श्रोत्याला आपल्या पैशाचा पूर्ण मोबदला हवा असतो, आणि ते रास्तच आहे. शेजारचे मूल चुळबुळले, त्याने मोठ्याने प्रश्न विचारला, मध्येच बाहेर जायचा हट्ट धरला, तर त्या श्रोत्याचे नुकसान होते. म्हणून आईबाप मुलांना घरी ठेवतात, किंवा दोघांपैकी एकजण घरी राहतो. बहुधा आईच. चिंचेखालच्या सतरंजीवर मात्र मूल हा अडथळा ठरत नाही. ते पहिली दहा मिनिटे तबल्याकडे टक लावून पाहते, मग मागे जाऊन खेळते, परत येते, आजीच्या मांडीवर डोके ठेवून झोपते. द्रुत सुरू झाल्यावर कधी जागे होते, कधी होत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मुलीने एका वर्षी विचारले होते, ‘हे काका एकच ओळ इतक्या वेळा का म्हणतात?’ त्यावर शेजारी बसलेल्या एका अपरिचित वृद्ध गृहस्थांनी तिला सांगितले, ‘बाळ, दरवेळी ती निराळी होते का बघ.’ ती पुढचा अर्धा तास ते बघत बसली. संगीताचे शिक्षण यापेक्षा वेगळे काय असते?

अर्थशास्त्रातल्या एका जुन्या सिद्धांताची येथे आठवण होते. कोणत्याही वस्तूचा उपभोग वाढत गेला की तिच्या पुढच्या नगापासून मिळणारे समाधान घटत जाते, हे आपण अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवतो. तिसरा लाडू पहिल्याइतका गोड लागत नाही. पण आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हा सिद्धांत मांडतानाच चांगल्या संगीताचा दाखला घेतला आहे. मनुष्य चांगले संगीत जितके अधिक ऐकेल तितकी त्याची आवड वाढतच जाईल, हे त्यांनी मान्य केले. त्यांच्या मते यामुळे सिद्धांताला बाध येत नाही. कारण ऐकता ऐकता तो मनुष्यच बदलतो. पुढे १९७७ साली स्टिग्लर आणि बेकर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी हाच विचार अधिक नेमका केला. आज ऐकलेले गाणे हे उद्याच्या ऐकण्यासाठी साठवलेले एक प्रकारचे भांडवलच असते, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता.

हे मान्य केले, तर एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. रुचीचे हे भांडवल लहानपणी आणि थोड्या खर्चात जमवावे लागते. ज्याला अजून गोडी लागलेली नाही, तो पाचशे रुपयांचे तिकीट काढणार नाही. आणि ज्याने कधी ऐकलेच नाही, त्याला गोडी लागणार नाही. हा फेरा बाजार स्वतःहून तोडू शकत नाही. तो तोडण्याचे काम दार उघडे ठेवणाऱ्या लहान मैफली करीत असतात. मोठ्या महोत्सवांचे तिकीट काढणारा श्रोता अशाच कुठल्या तरी गणपतीच्या मांडवात, देवळाच्या सभामंडपात किंवा दर्ग्याच्या अंगणात तयार झालेला असतो. त्याच्या जडणघडणीचा खर्च मात्र महोत्सवाच्या ताळेबंदात कोठेही दिसत नाही.

फुकट गाण्याची किंमत

अर्थात, दार उघडे आहे म्हणून खर्च नाही, असा अर्थ काढणे चूक ठरेल. मांडव, दिवे, ध्वनिक्षेपक, गायकांचा प्रवास, त्यांची राहण्याजेवणाची सोय यांना पैसा लागतो. तो वर्गणीतून, देणग्यांतून आणि स्थानिक कार्यकर्त्यांच्या बिनपगारी श्रमांतून उभा राहतो. याहून मोठा वाटा कलावंतांचा असतो. हजेरी लावणारा गवई आपली बिदागी सोडतो, म्हणजे तेवढ्या रकमेची देणगीच तो समाजाला देत असतो. नामवंताला ती परवडते. वर्षभर देशोदेशी गाणाऱ्याला एका रात्रीची सेवा जड नाही. पण त्याच्या साथीला बसणारा तरुण तबलजी, संवादिनीवादक, मागे तंबोरा धरणारा शिष्य यांचे काय? त्यांना ती रात्र परवडते काय, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही, कारण विचारला तर सेवेच्या भावनेला धक्का लागेल असे वाटते.

हा प्रश्न दरवर्षी अधिक बिकट होणार आहे आणि त्याचेही कारण अर्थशास्त्राने सांगून ठेवले आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ साली प्रयोगक्षम कलांच्या अर्थकारणावर ग्रंथ लिहिला. त्याचे सार आपल्या परिभाषेत असे सांगता येईल: कापडाच्या गिरणीत एका कामगाराच्या हातून शंभर वर्षांपूर्वीच्या अनेक पटींनी कापड निघते, परंतु विलंबित एकतालातला ख्याल मांडायला तेव्हा जेवढा वेळ आणि जेवढी माणसे लागत, तेवढीच आजही लागतात. यंत्राने तो लवकर होत नाही, आणि लवकर झाला तर तो ख्याल राहत नाही. इतर क्षेत्रांतले वेतन उत्पादकतेबरोबर वाढत गेले की गवयाचा आणि साथीदाराचा चरितार्थही त्याच मानाने महागतो. परिणामी, मैफल तीच राहूनही तिचा खर्च वाढत जातो. यात कोणाचाही दोष नाही; तो या कलेचा स्वभावच आहे.

मोठ्या समारंभांनी यावर तिकीट आणि प्रायोजक हे दोन उपाय शोधले. पुण्यात १९५३ साली भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मृत्यर्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव हे याचे ठळक उदाहरण. सवाई गंधर्व हे अब्दुल करीम खाँसाहेबांचेच शिष्य. तेव्हा मिरजेचे अंगण आणि पुण्याचे मैदान यांचे नाते एकाच परंपरेतले आहे. पुण्याच्या महोत्सवाने हजारो श्रोते जमवले, कलावंतांना सन्मानाने मानधन दिले, हे त्याचे यश निःसंशय मोठे आहे. तिकीट लावून जाहीर जलसे करण्याचा पायंडा पाडणाऱ्यांत विष्णु दिगंबर आणि अब्दुल करीम खाँ हे दोघेही होते, आणि त्यामुळेच गवई संस्थानिकांच्या मर्जीतून मुक्त झाला, हेही विसरता कामा नये. तिकिटाला नावे ठेवण्याचा येथे हेतू नाही. तिकीट जे करू शकत नाही, तेवढेच दाखवायचे आहे.

मोठेपणाची दुसरीही एक किंमत असते. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासमारंभांसाठी वर्षातून मोजके दिवस बारापर्यंत सवलत देता येते, एवढेच. हे नियम रुग्णांच्या आणि विद्यार्थ्यांच्या हिताचे आहेत, त्यांना विरोध करण्याचे कारण नाही. पण पूर्वी रात्रभर चालणाऱ्या मैफली त्यामुळे आटोपत्या घ्याव्या लागल्या आणि मध्यरात्रीनंतरचे राग त्यांच्या खऱ्या प्रहरी उघड्या आकाशाखाली ऐकण्याचा योग दुर्मीळ झाला. यावर सकाळची सत्रे वाढवणे हा एक मार्ग आहे. मुलांच्या दृष्टीने पाहता तो अधिक सोयीचाही आहे. सकाळी आठ वाजता तोडी ऐकणारे मूल रात्री बारा वाजता पेंगणाऱ्या मुलापेक्षा जास्त काही घरी घेऊन जाईल.

दार मोफत, कला नव्हे

मग करावयाचे काय? या मैफलींना तिकीट लावणे म्हणजे त्यांचा प्राण घेणे होय. पण त्या केवळ कलावंतांच्या औदार्यावर चालू ठेवणे हेही न्याय्य नाही. दार मोफत असावे, कला मोफत असू नये, हे तत्त्व आयोजकांनी आणि श्रोत्यांनी मान्य केले पाहिजे. प्रमुख गायकाने स्वेच्छेने मानधन नाकारले, तरी साथीदारांचे मानधन आधी ठरवून द्यावे. वर्गणीतला पहिला रुपया त्यासाठी आणि नंतरचा मांडवासाठी, असा क्रम असावा. मांडव थोडा साधा झाला म्हणून कोणाचे बिघडत नाही.

नगरपालिका आणि महानगरपालिका यांनी मैदान, वीज, पाणी आणि स्वच्छतागृहे एवढे विनामूल्य पुरवले, तरी अर्धा भार हलका होईल. स्वच्छतागृहाचा उल्लेख मुद्दाम केला आहे. लहान मुलांना घेऊन आलेल्या आईला चार तास बसता येईल की नाही, हे गायकाच्या तयारीइतकेच त्यावर अवलंबून असते. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामांवर खर्च करावा लागतो आणि त्या कामांच्या यादीत कला व संस्कृतीचे जतनही आहे. मात्र फलक जेथे अधिक डोळ्यांना दिसतो तेथे पैसा जावा, हा मोह मोठा असतो. तालुक्याच्या गावी दोनशे माणसांसमोर होणाऱ्या मैफलीला त्यातला थोडा अंश मिळाला, तर जाहिरात होणार नाही, पण त्या कायद्याचा हेतू अधिक सफल होईल.

महाविद्यालयांनाही येथे काम आहे. आपली बहुतेक महाविद्यालये स्नेहसंमेलनावर मोठी रक्कम खर्च करतात. वर्षातून एकदा, एका रविवारी सकाळी, महाविद्यालयाच्या आवारातल्या झाडाखाली गावातल्या कुटुंबांसाठी दोन तासांचे गाणे ठेवणे कोणत्याही प्राचार्यांना अशक्य नाही. जवळपासचा एखादा होतकरू गायक, योग्य मानधन घेणारे दोन साथीदार आणि ग्रंथालयातल्या सतरंज्या एवढ्यावर ते होते.

आणि शेवटी श्रोत्याचे कर्तव्य. जी वस्तू सर्वांना मोफत मिळते, तिच्यासाठी दुसरा कोणीतरी पैसे देईल असे प्रत्येकाला वाटते आणि अखेर कोणीच देत नाही; सार्वजनिक वस्तूंची ही व्यथा अर्थशास्त्रात सुपरिचित आहे. कारकून असो वा शिक्षक, चौघांच्या चित्रपटाच्या तिकिटांना लागतील तेवढे पैसे त्याने उठताना वर्गणीच्या पेटीत टाकावेत, आणि ते शक्यतो मुलाच्या हातून टाकवावेत. गाणे ऐकताना त्याच्या कानाला जी सवय लागेल, तिच्या जोडीला हीही एक सवय लागणे गरजेचे आहे. त्या दोन्ही टिकल्या, तर चिंचेखालच्या सतरंज्या आणखी एका पिढीला पुरतील.