मुंबई विद्यापीठाच्या प्रारंभीच्या वास्तू : बांधकाम आणि अर्थव्यवस्थापन

प्रस्तावना

कोणत्याही विद्यापीठाचा इतिहास सामान्यतः कुलगुरू, अभ्यासक्रम आणि नामवंत विद्यार्थी यांच्या अंगाने लिहिला जातो. इमारत कोणी बांधली, तिचा पैसा कोठून आला, तो पुरला नाही तेव्हा काय केले गेले, हे प्रश्न बहुधा हिशेबाच्या वह्यांतच राहतात. वास्तविक विद्यापीठाने आधी काय उभारले आणि नंतर काय, यावर त्याची जडणघडण मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. प्रस्तुत लेखात मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या दोन वास्तूंचा, म्हणजे दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई मनोऱ्यासह ग्रंथालय यांचा, या दृष्टीने विचार केला आहे. तुलनेसाठी अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाचे उदाहरण घेतले असून अखेरीस नांदेड-लातूर परिसरातील उच्च शिक्षणाच्या संदर्भात या अनुभवाचा अर्थ काय, हे पाहिले आहे.

१. इमारतीवाचून विद्यापीठ

१९ जुलै १८५४ च्या वुडच्या खलित्याने भारतात विद्यापीठे स्थापन करण्याची दिशा दिली. त्यानुसार १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठ अस्तित्वात आले. कलकत्ता आणि मद्रास येथील विद्यापीठेही त्याच वर्षीची. या तिन्ही संस्थांपुढे लंडन विद्यापीठाचा नमुना होता. अध्यापन महाविद्यालयांनी करावे आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदव्या द्याव्यात, अशी ती विभागणी होती.

या विभागणीचा आर्थिक अर्थ ध्यानात घेण्याजोगा आहे. ज्या विद्यापीठात वर्ग भरत नाहीत त्याला वर्गखोल्या लागत नाहीत. प्राध्यापक नेमायचे नसतील तर त्यांच्या वेतनाचा आणि निवासाचा प्रश्न उद्भवत नाही. परीक्षक, निबंधक आणि एक सभागृह एवढ्यावर काम भागते. सभागृहही मुंबईत तयारच होते. शहरातील टाऊन हॉलच्या आश्रयाने विद्यापीठाने आपला कारभार सुरू केला. १८५९ साली पहिली प्रवेश परीक्षा झाली तेव्हा १३२ उमेदवार बसले आणि २२ उत्तीर्ण झाले. १८६२ मध्ये महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे पहिले पदवीधर बाहेर पडले. महाराष्ट्राच्या बौद्धिक जीवनाला वळण देणारी ही पिढी घडली तेव्हा विद्यापीठाच्या मालकीची एकही भिंत उभी नव्हती. स्वतःचे सभागृह पूर्ण होण्यास १८७४ साल उजाडले. म्हणजे स्थापनेनंतर सतरा वर्षे विद्यापीठ परक्या छपराखाली नांदले.

२. कापसाचा पैसा आणि दोन दाते

इमारतीची कल्पना प्रत्यक्षात आली ती शहरात अकस्मात आलेल्या संपत्तीमुळे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाचे भाव भडकले. व्यापाऱ्यांच्या हाती आलेला पैसा बँका, भराव कंपन्या आणि शेअर यांत धावू लागला. त्याच सुमारास गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याची तटबंदी पाडली गेली आणि समुद्राकडील मोकळ्या जागेवर सार्वजनिक इमारतींची रांग उभारण्याचे ठरले. जागा मिळण्याची शक्यता आणि दात्यांच्या हातातील पैसा या दोन गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या.

१८६३ साली कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी सभागृहासाठी एक लाख रुपये दिले. पुढील वर्षी प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये देऊ केले आणि त्याच वर्षी आपल्या मातोश्री राजाबाई यांच्या नावाने मनोरा बांधण्यासाठी आणखी दोन लाखांची भर घातली.

१८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ रोजी मुंबईच्या शेअर बाजाराचा डोलारा ढासळला. अनेक पेढ्या बुडाल्या. खुद्द प्रेमचंद रायचंद यांचे दिवाळे निघाले. बँक ऑफ बॉम्बेही त्या धक्क्यातून सावरली नाही. तथापि विद्यापीठाची देणगी बुडाली नाही. दात्याची संपत्ती गेली, पण त्याने दिलेले दान विद्यापीठाच्या पदरात पडलेले होते. दिलेले धन आणि दिलेले वचन यांतील अंतर येथे स्पष्ट होते. हीच देणगी हप्त्याहप्त्याने यावयाची असती तर राजाबाई मनोरा कदाचित कागदावरच राहिला असता.

३. विलंब आणि व्याज

देणग्या १८६३-६४ मधील. ग्रंथालय व मनोऱ्याची कोनशिला बसली ती १ मार्च १८६९ रोजी आणि काम पूर्ण झाले नोव्हेंबर १८७८ मध्ये. देणगी आणि पूर्ती यांत चौदा वर्षांचे अंतर पडले. आजच्या दृष्टीने ही दिरंगाई होय. परंतु या काळात रक्कम पडून राहिली नाही. गुंतविलेल्या रकमेवर व्याज साचत गेले.

ग्रंथालय आणि मनोऱ्याचा एकूण खर्च ५,४७,७०३ रुपये झाला. प्रेमचंद यांची मूळ देणगी ४,००,००० रुपयांची. म्हणजे १,४७,७०३ रुपयांची तूट होती. चार लाखांवर द.सा.द.शे. चार रुपये दराने सरळव्याज धरले तर वर्षाला १६,००० रुपये होतात आणि ही तूट सव्वानऊ वर्षांत भरून निघते. हा हिशेब केवळ समजुतीसाठी आहे. बांधकाम सुरू झाल्यावर मुद्दल घटत जाते, हेही लक्षात घेतले पाहिजे. मात्र मोठ्या बांधकामात वेळ हा नेहमीच शत्रू असतो असे नाही, एवढे त्यावरून दिसते. साहित्याचे व मजुरीचे दर स्थिर असतील आणि निधी सुरक्षित गुंतविलेला असेल तर थांबण्याने निधी वाढतो. याउलट दर वाढत असतील तर तोच विलंब निधी गिळून टाकतो. आजच्या काळात मुदत ठेवीचे व्याज आणि सिमेंट-पोलादाची दरवाढ यांची शर्यत प्रत्येक बांधकाम समितीला अनुभवावी लागते.

सभागृहाचा हिशेब याहून बोलका आहे. त्याचा एकूण खर्च ३,७९,३८९ रुपये झाला. कावसजी जहांगीर यांची देणगी एक लाखाची, म्हणजे खर्चाच्या सुमारे २६ टक्के होती. वास्तूला नाव दात्याचे मिळाले, परंतु जवळपास तीन चतुर्थांश भार देणगीबाहेरील पैशावर पडला. याचा अर्थ दात्याचे श्रेय कमी होते असा नव्हे. पहिला लाख आला नसता तर पुढील पावणेतीन लाखांना वाट मिळाली नसती. देणगी खर्च पूर्ण भागवीत नाही. ती काम अटळ करते आणि उरलेला खर्च संस्थेवर सोपवते.

४. आराखडा लंडनचा, काम मुंबईचे

दोन्ही वास्तूंचे आराखडे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या ख्यातनाम इंग्रज वास्तुशिल्पज्ञाने केले. स्कॉट मुंबईस कधीही आले नाहीत. लंडनमध्ये बसून काढलेली गॉथिक शैलीची रेखाटने मुंबईच्या उन्हापावसात उतरविण्याचे काम येथील अभियंत्यांनी आणि कारागिरांनी केले. सभागृह १०४ फूट लांब व ४४ फूट रुंद असून मनोऱ्याची उंची २८० फूट आहे. दगड मुख्यतः जवळच्या कुर्ल्याचा वापरला गेला. मनोऱ्यावर पश्चिम भारतातील विविध जातिजमातींचे लोक दर्शविणाऱ्या मूर्ती आहेत. या कामाशी रावबहादूर मकुंद रामचंद्र या एतद्देशीय अभियंत्याचे नाव निगडित आहे.

आराखडाकाराची कीर्ती सर्वत्र पोचली, देखरेख करणाऱ्याचे नाव मात्र तपशिलात राहिले. कोणत्याही बांधकामाचा खर्च आणि दर्जा जागेवर उभ्या असलेल्या माणसाच्या दक्षतेवर ठरतो, हे लक्षात घेता हा विसर खटकतो.

५. व्हर्जिनियाचा उलटा क्रम

मुंबईचा क्रम आधी परीक्षा, मग इमारत असा होता. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाने नेमका उलट मार्ग धरला. माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी त्याची आखणी केली. १८१७ साली ‘सेंट्रल कॉलेज’ची कोनशिला बसली आणि २५ जानेवारी १८१९ रोजी त्याला राज्याच्या विद्यापीठाचा दर्जा मिळाला. राज्याच्या शिक्षणनिधीतून वर्षाला १५,००० डॉलर मंजूर झाले. वर्गणीदारांनीही चाळीस हजारांहून अधिक डॉलरची वचने दिली होती. परंतु १८१९ मध्येच अमेरिकेत आर्थिक मंदी आली आणि ती वचने वसूल करणे कठीण झाले. मुंबईत दात्याचे दिवाळे निघूनही देणगी टिकली. व्हर्जिनियात दाते असूनही वर्गणी थकली.

दहा प्राध्यापक-निवास, त्यांना जोडून १०९ विद्यार्थी-खोल्या, सहा भोजनगृहे आणि मधोमध घुमटाचे ग्रंथालय अशी ती योजना होती. कंत्राटे, मोजमापे आणि देयके यांची जबाबदारी आर्थर ब्रॉकेनब्रो या व्यवस्थापकाकडे होती. श्रमाचा मोठा वाटा गुलाम कृष्णवर्णीयांनी उचलला. ज्ञानमंदिराच्या विटा ज्यांनी भाजल्या त्यांना तेथे शिकण्याचा अधिकार नव्हता, ही गोष्ट त्या विद्यापीठाच्या हिशेबात आज उघडपणे मांडली जाते.

पैसा अपुरा पडल्यावर १८२०, १८२१ आणि १८२३ मध्ये प्रत्येकी ६०,००० डॉलरची तीन कर्जे मंजूर झाली. एकूण कर्ज १,८०,००० डॉलर. सहा टक्के दराने त्याचे व्याज वर्षाला १०,८०० डॉलर होते. म्हणजे १५,००० च्या वार्षिक अनुदानातून हाती ४,२०० डॉलरच उरत. तरीही जेफरसन यांनी इमारती पूर्ण होईपर्यंत वर्ग सुरू करू दिले नाहीत. एकदा वर्ग सुरू झाले की सारे उत्पन्न वेतनात जाईल आणि बांधकाम कायमचे अर्धवट राहील, असा त्यांचा युक्तिवाद होता. अखेर १८२४ मध्ये विधिमंडळाने कर्जाच्या भारातून विद्यापीठाला मुक्त केले आणि ७ मार्च १८२५ रोजी अध्यापनास प्रारंभ झाला.

दोन्ही क्रमांची किंमत मोजावी लागली. व्हर्जिनियाने सहा वर्षे विद्यार्थ्यांना ताटकळत ठेवले, परंतु अध्यापक आणि विद्यार्थी एकत्र राहतील असा परिसर मिळविला. मुंबईने दोन वर्षांत परीक्षा सुरू केली, परंतु ते दीर्घकाळ परीक्षा घेणारे विद्यापीठच राहिले. १९०४ च्या कायद्याने अध्यापनाची मुभा मिळाल्यानंतर, १९१९ साली पॅट्रिक गेडीस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्राच्या अध्यापनाचा प्रारंभ झाला. सभागृह आणि मनोरा होता. वर्गखोलीचा विचार मागाहून आला.

६. नांदेड-लातूरच्या संदर्भात

मराठवाड्यातील उच्च शिक्षणाने हे दोन्ही क्रम अनुभवले आहेत. निजामी राजवटीत येथील विद्यार्थ्यांना १९१८ साली स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहावे लागे. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. पुढे १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ अस्तित्वात आले. डॉ. जनार्दन वाघमारे हे त्याचे पहिले कुलगुरू. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाला तेव्हा वर्षही उलटले नव्हते. ज्या प्रदेशात घरे उभारण्याचेच काम चालू होते तेथे विष्णुपुरीच्या माळावर विद्यापीठ उभारावयाचे होते. दगडमातीच्या भिंतींनी घेतलेले बळी ताजे असताना इमारतीची भक्कमता हा केवळ तांत्रिक मुद्दा राहिला नव्हता.

महाविद्यालयांची स्थिती वेगळी. भाड्याच्या वा मिळालेल्या जागेत वर्ग सुरू करावेत, मग लोकवर्गणी, विद्यापीठ अनुदान आयोगाचे साहाय्य आणि २०१३ नंतर राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान यांच्या आधारे एकेक दालन वाढवावे, हा ग्रामीण भागातील परिचित मार्ग आहे. तो मुंबईच्या जवळचा आहे. मात्र जेफरसन यांना ज्याची भीती होती त्याच्या उलट परिस्थिती आज दिसते. त्यांना वाटे की वेतन इमारतीला खाऊन टाकील. आज अनावर्ती खर्चासाठी, म्हणजे इमारत, प्रयोगशाळा वा सभागृहासाठी दाता किंवा योजना मिळू शकते. आवर्ती खर्चासाठी मिळत नाही. परिणामी नव्या इमारतीत तासिका तत्त्वावरील अध्यापक शिकवितात, आणि ग्रंथालयाची वास्तू असते पण चालू वर्षाची ग्रंथखरेदी नसते.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली, वचनापेक्षा हाती आलेली देणगी मोलाची असते आणि बांधकामाचे अंदाजपत्रक केवळ हाती आलेल्या रकमेवरच बेतले पाहिजे. दुसरी, देणगी हा खर्चाचा आरंभ असतो. उरलेला भार कोण उचलणार हे कोनशिलेपूर्वीच ठरलेले असावे. तिसरी, प्रत्येक इमारतीसोबत तिच्या देखभालीचा आणि तिच्यात चालावयाच्या कार्याचा कायम निधी उभारला गेला पाहिजे.

राजाबाई मनोऱ्याची दुरुस्ती २०१३ ते २०१५ या काळात एका खासगी कंपनीच्या अर्थसाहाय्याने झाली आणि २०१८ मध्ये मुंबईतील व्हिक्टोरियन व आर्ट डेको वास्तुसमूहाबरोबर त्याला जागतिक वारशाचा दर्जा लाभला. पूर्तीनंतर सुमारे एकशे पस्तीस वर्षांनी त्या वास्तूला पुन्हा बाहेरील पैसा शोधावा लागला. प्रेमचंद रायचंद यांचे चार लाख मनोरा उभारण्यापुरते होते. त्याला उभे ठेवण्याचा खर्च प्रत्येक पिढीच्या वाट्याला नव्याने येतो. विद्यापीठाच्या परिसरात नवी कोनशिला बसविताना तिच्यावर दात्याचे नाव आणि तारीख कोरली जाते. त्याच दिवशी त्या वास्तूच्या पुढील पंचवीस वर्षांच्या खर्चाची तरतूद व्यवस्थापन परिषदेच्या कार्यवृत्तात नोंदली गेली, तर प्रारंभीच्या विद्यापीठांनी मोलाने घेतलेला अनुभव खऱ्या अर्थाने उपयोगी पडला असे म्हणता येईल.