दुबळे मध्यवर्ती सरकार

चंद्रपूरचा कोट आपण सर्वांनी पाहिला आहे. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तो तोफांनी फोडून घेतला. मराठी राज्य फितुरीने बुडाले, असे आपण शाळेपासून ऐकतो. मला मात्र खरे दुखणे राज्याच्या रचनेत दिसते.

शाहू महाराजांच्या काळात सरदारांना मुलूख आणि चौथाई वसुलीचे हक्क वाटून दिले गेले. राज्य झपाट्याने वाढले. पण पैसा व फौज सरदारांपाशी राहिली. पुण्याला त्यांच्याकडे मागावे लागे. आमच्या गावी सप्ताहाच्या वर्गणीचे असेच होते. न देणाऱ्याला कोणी काही करू शकत नाही. (वर्गणी वडील गोळा करतात, म्हणून ठाऊक!)

१८०३ मध्ये असईला शिंदे-भोसले लढले, होळकर बाजूला राहिले. १८०४ मध्ये होळकर उठले, तोवर दोघांचे तह होऊन भोसल्यांचे कटक गेले होते. आणि पेशवे? त्यांनी १८०२ सालीच वसईला इंग्रजी फौज पदरी घेतली होती.

अमेरिकेच्या १७८१ च्या पहिल्या मध्यवर्ती सरकारलाही कर बसवता येत नव्हता; ते राज्यांकडे पैसे मागे आणि राज्ये टाळत. पण १७८७ मध्ये प्रतिनिधी फिलाडेल्फियाला बसले व त्यांनी नवी घटना लिहिली. आपले सरदार १७९५ मध्ये खर्ड्याला एकत्र आले, निजामाला त्यांनी नमवले आणि जो तो आपापल्या मुलखाला परतला.