शारजा नावाचा तारा

शारजा म्हटलं की आपल्याला आठवते ती वाळूच्या वादळातली सचिनची 143 धावांची खेळी. तारीख 22 एप्रिल 1998. त्या रात्री शारजा नावाच्या ताऱ्यावरून निघालेला प्रकाश अजून वाटेतच आहे. पृथ्वीवर पोचेल 2045च्या सुमारास.

हा तारा खराच आहे. यादीतलं त्याचं नाव एचआयपी 79431. संयुक्त अरब अमिरातीने सुचवलेलं ‘शारजा’ हे नाव आंतरराष्ट्रीय खगोलसंघाने 2019 मध्ये मान्य केलं. अंतर 47 प्रकाशवर्षं, म्हणजे सुमारे 450 लाख कोटी किलोमीटर.

तारा तांबडा आणि थंड. आपला अभिजित तारा डोळ्यांना त्याच्या 34 हजार पट तेजस्वी दिसतो. पण 2.2 मायक्रॉनच्या अवरक्त प्रकाशात पाहिलं, तर ही तफावत उरते जेमतेम 430 पट! तिथे या ताऱ्याचे सुमारे 28 लाख फोटॉन वातावरणाच्या वर दर चौरस मीटरवर दर सेकंदाला येऊन आदळतात.

मग मोजायला अडचण काय? अडचण अशी, की या तरंगलांबीला आकाश चमकतं, दुर्बीणही चमकते. शून्य अंशाला कुठलीही वस्तू जेवढी चमकते, त्याच्या सुमारे 15 पट ती 34 अंशाला चमकते. अमिरातीतल्या उन्हाळी रात्री पारा सहज तिथे असतो. शारजा ताऱ्याचं तेज मोजायला शारजासारखी वाईट जागा नाही, असं खुशाल म्हणावं.

म्हणून ‘टू-मास’ सर्वेक्षणाने 1997 ते 2001 या काळात ॲरिझोना आणि चिलीतल्या डोंगरांवरून, द्रव नायट्रोजनने गार केलेल्या कॅमेऱ्यांनी सगळं आकाश मोजलं. अभिजितचं तेज हा मोजणीचा शून्य मानतात खरा, पण या कॅमेऱ्यांना तो झेपत नाही, इतका प्रखर. म्हणून रात्रभर, साधारण दर तासाला, तेज आधीच पक्कं ठाऊक असलेल्या मंद ताऱ्यांकडे दुर्बीण वळवायची आणि हवेने किती प्रकाश खाल्ला याचा हिशेब लावायचा. अशा हिशेबातून 47 कोटींवर बिंदूंची नोंद झाली. ठळक ताऱ्यांच्या मापातली चूक एक-दोन टक्क्यांची.

मे महिन्यात, अंधाऱ्या रात्री, अनुराधा नक्षत्राच्या शेजारी सहा इंची दुर्बीण लावा. सोबत नकाशा मात्र चांगला हवा, शारजा दिसेल.