नाताळ कधी सुरू होतो?

सुकापुरात माथेरान रस्त्यालगतच्या दुकानांतून दिवाळीचे आकाशकंदील उतरतात आणि बघता बघता त्याच खिळ्यांवर नाताळचे तारे चढतात. पंचवीस डिसेंबर मावळला, की बाजाराच्या लेखी सण उरकला. चर्चच्या पंचांगात मात्र तो त्याच दिवशी लागतो! त्याआधीचे चार आठवडे सणाचे नव्हेतच.

मराठी कॅथलिक त्यांना आगमनकाळ म्हणतात. धर्मगुरूंचा झगा जांभळा, म्हणजे पश्चात्तापाच्या रंगाचा. रविवारच्या मिस्सा उपासनेत ‘ग्लोरिया’ हे आनंदगीत गायचं नाही. हिरव्या पानांच्या चक्रात दर रविवारी एक मेणबत्ती जास्त पेटवायची. तिसरी तेवढी गुलाबी, कारण त्या रविवारी जरा मोकळीक. पूर्वी या दिवसांत उपवासही असत. श्रावण पाळणाऱ्या घरांना यातली गंमत वेगळी सांगायला नको.

बाजाराने नेमके हेच थांबायचे दिवस उचलले. 1939 साली अमेरिकेत तर विक्रीसाठी एक सण चक्क अलीकडे सरकला. नाताळच्या जाहिराती ‘थँक्सगिव्हिंग’ हा आभाराचा सण झाल्यावरच सुरू करायच्या, असा तिथल्या व्यापाऱ्यांचा रिवाज होता. त्या वर्षी तो सण गुरुवारी, 30 नोव्हेंबरला येत होता, म्हणजे विक्रीला दिवस कमी. व्यापाऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी सण 23 तारखेवर आणला. जवळपास निम्म्या राज्यांनी ते मानलंच नाही. देशात दोन वेगवेगळ्या गुरुवारी सण झाला. अखेर 1941 मध्ये कायदा करून नोव्हेंबरचा चौथा गुरुवार पक्का करावा लागला. प्रार्थनेने आभार मानायचा दिवस, आणि तो ठरला गल्ल्याकडे बघून!

नाताळच्या थाटामाटावरची कुरबुर मात्र मॉलपेक्षा कितीतरी जुनी आहे. मॅसॅच्युसेट्सच्या कडव्या प्युरिटन ख्रिस्ती लोकांनी 1659 मध्ये नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड लावला होता. बायबलात तारीख नाही आणि लोक पिऊन धिंगाणा घालतात, हा त्यांचा राग. 1681 मध्ये ती बंदी उठली. बंदीने सण सुधारतो, असं मलाही वाटत नाही.

मला खरं नवल वाटतं ते सांताक्लॉजचं. त्याचं मूळ म्हणजे चौथ्या शतकातले, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचे बिशप निकोलस. त्यांची आख्यायिका आपल्याला फारच ओळखीची वाटेल: एका गरीब बापाला तीन मुलींच्या हुंड्याची सोय करता येईना, तेव्हा निकोलसनी रात्री गुपचूप त्याच्या खिडकीतून सोन्याच्या थैल्या आत टाकल्या. देणाऱ्याचं नाव कुणाला कळू नये, हीच त्या गोष्टीतली मेख. पुढे 1931 पासून हॅडन संडब्लॉम या चित्रकाराने कोका-कोलाच्या जाहिरातींसाठी गुबगुबीत, हसरा सांता रंगवला. लाल कपडे त्याआधीही होते, पण तो चेहरा जगभर गेला तो या जाहिरातींमुळे. नाव लपवणाऱ्या माणसाचा जगातला सर्वांत ओळखीचा चेहरा झाला.

देण्याची दुसरी रीत आपल्या किनाऱ्यावर आहे. गोव्यात तिला कोन्सोआदा म्हणतात: नेवऱ्या, दोदोल, बिबिंक, कुलकुल असे गोड पदार्थ ताटात भरून शेजारी पाठवायचे. शेजारी हिंदू असला तरी ताट जातंच, आणि दिवाळीला तिकडून फराळ येतो. कुलकुलांची छोटी गोळी काट्यावर किंवा कोऱ्या फणीवर दाबून वळवावी लागते, म्हणून सगळं घर आधीच्या दिवसांत गोल करून बसतं. हल्ली पाकिटंही मिळतात. विकत आणलेल्याने धर्म बुडत नाही. फक्त ती बैठक जाते, आणि आगमनकाळातलं वाट पाहणं हाताला कळायची जागा तीच होती.

बरं, बायबलातली सोनं, ऊद आणि गंधरस ही भेट पंचवीस तारखेची नाहीच. पूर्वेचे ज्ञानी ती घेऊन पोचले, तो सण 6 जानेवारीचा. त्या दिवशी गोव्यात कासावलीजवळ तीन गावांतली तीन मुलं राजे बनतात आणि मुकुट घालून, घोड्यांवर बसून कुएलीच्या टेकडीवरच्या चॅपलकडे निघतात.