बॅलन्स मायनस, आशा प्लस

२१ लाख ४० हजारांचं कर्ज, दिवसाला तीस-चाळीस फोन आणि टेबलावर नादारीच्या अर्जाचा मसुदा. या सगळ्यात देव कुठे असतो? वसईच्या एका मुलीचा हा ताळेबंद.

महिन्याची २० तारीख उलटली, की ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कुणी ना कुणी म्हणतंच, ‘आजचा चहा तू पाज, माझं दिवाळं निघालंय.’ सगळे हसतात, चहा येतो, विषय संपतो. पण खरंखुरं दिवाळं फक्त पेपरात फोटो छापून येणाऱ्या उद्योगपतींचंच निघतं असं थोडंच आहे? ते विरार फास्टमध्ये तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या, हातात छान पर्स आणि कानात इअरफोन असलेल्या मुलीचंही निघू शकतं. माझं जवळजवळ निघालं होतं.

माझा धंदा होता एक्झिबिशनचे स्टॉल उभारण्याचा. गोरेगावला, वाशीला प्रदर्शन लागलं, की आम्ही रात्रभर जागून प्लायवूड, फ्लेक्स, लायटिंग उभं करायचो आणि तिसऱ्या दिवशी सगळं उतरवायचो. चार माणसं पगारावर, सुतार कामापुरते. मार्च २०२० मध्ये सगळी प्रदर्शनं एका आठवड्यात कॅन्सल झाली. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टपर्यंत हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली खरी, पण व्याजाचं मीटर चालूच होतं. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत पप्पा हॉस्पिटलमध्ये गेले, आणि त्यांना घरी आणेपर्यंत पर्सनल लोन आणि दोन्ही क्रेडिट कार्डं तळाला गेली. ज्या इव्हेंट कंपनीकडून माझं ७ लाखांचं येणं होतं, तिने तेवढ्यात शटर ओढलं.

हिशेब असा: बिझनेस लोन ९ लाख, पर्सनल लोन ५ लाख, कार्डं ३ लाख ४० हजार, प्लायवूडवाले शेठ आणि सुतार मिळून ४ लाख. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२! आणि फर्म प्रोप्रायटरशिप असल्यामुळे धंद्याचं कर्ज आणि माझं कर्ज यांत कायद्याला काही फरक दिसत नव्हता. कंपनी बुडाली, मालक वाचला, हा प्रकार प्रायव्हेट लिमिटेडवाल्यांचा. तोही त्यांनी जामीन म्हणून सही केली नसेल तरच.

‘मॅडम, जमीन विका की!’

२०२२ मध्ये मी अंधेरीला नोकरी धरली. पगार ४८ हजार. फोन मात्र थांबले नाहीत. वसुलीवाल्या एकाने तर सरळ सांगितलं, ‘वडिलांची वाडी आहे ना? विका की!’

वसईबाहेरच्यांना ‘वाडी’ म्हणजे काय ते सांगायला हवं. पप्पांची पाऊण एकर जागा. केळी, नारळ, कोपऱ्यात जुनं बावखल. आजूबाजूला टॉवर उभे राहत असताना पप्पांनी जपलेला हा हिरवा तुकडा. त्या रात्री जेवताना पप्पा शांतपणे म्हणाले, ‘बिल्डरचा माणूस मागच्या महिन्यात येऊन गेला. त्याला फोन करू?’ मम्मी उठून आत गेली. मी म्हटलं, ‘पप्पा, कर्जाच्या कागदावर सही माझी आहे, वाडीची नाही.’

हे मी भावनेच्या भरात बोलले होते. पण कायदाही तेच सांगतो, हे नंतर कळलं. कर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही नसेल, तर वडिलांच्या जमिनीवर मुलीच्या बँकेचा हक्क पोचत नाही. हे मला सांगितलं विधी सेवा समितीच्या वकीलबाईंनी. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. किती जणींना हे माहीत असतं?

पन्नास रुपये आणि नादारी

नादारीचा अर्ज करायचा पर्याय त्यांनीच समोर ठेवला. आपल्याकडे हे कायदे भलतेच जुने आहेत. मुंबईसाठी १९०९ चा आणि आमच्या वसईसारख्या बाकीच्या भागासाठी १९२० चा. २०१६ च्या नव्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी भाग आहे, पण २०१९ मध्ये तो लागू झाला तो कंपन्यांच्या जामीनदारांपुरता. त्यामुळे माझ्यासाठी १९२० चाच. कर्ज ५०० रुपयांचं असलं तरी अर्ज करता येतो! कोर्टाने नादार ठरवलं, की तुमची मालमत्ता रिसीव्हरकडे जाते, त्यातून देणेकऱ्यांना वाटणी होते, आणि पुढे कोर्टाने मोकळं केलं, की बहुतेक जुनं कर्ज संपतं. तोपर्यंत नादार असल्याचं न सांगता कुणाकडून ५० रुपये जरी उधार घेतले, तरी तो गुन्हा. वाचून हसू आलं, आणि लगेच रडूही.

मसुदा तयार झाला. सही तेवढी बाकी होती. ती मी दोन रविवार पुढे ढकलली.

देव एटीएम नाही

आम्ही कॅथलिक. रविवारचा मिस्सा, नाताळ, मे महिन्यातली लग्नं, सगळं अंगवळणी पडलेलं. पण कर्जाच्या काळात चर्चमध्ये बसायचीच लाज वाटायची. दानाची पिशवी समोर आली की मान खाली. त्यात एका मैत्रिणीने कुठलासा व्हिडिओ पाठवला. पगाराचा दहावा भाग द्या, देव दुप्पट करून देईल! मी तो आमच्या फादरना दाखवला. ते म्हणाले, ‘देवाशी असला सौदा करू नकोस. तुझ्याकडे जे आहे त्यातून आधी सुताराची मजुरी दे. तेच तुझं दान.’

मग त्यांनी मला एक गोष्ट वाचायला सांगितली. जुन्या करारातल्या राजांच्या दुसऱ्या पुस्तकातली, चौथ्या अध्यायातली. एक विधवा. नवरा कर्ज ठेवून गेलेला. सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम करून न्यायला आलाय. ती अलीशा संदेष्ट्याकडे जाते. तो आधी विचारतो, घरात काय आहे? तेलाचं एक लहान भांडं. मग तो तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगतो. सगळी भांडी तेलाने भरतात. तेल विकून ती कर्ज फेडते आणि उरलेल्यावर घर चालवते.

मी कॅटेकिझमच्या वर्गात ही गोष्ट ऐकली होती, पण तेव्हा लक्ष फक्त चमत्काराकडे होतं. आता दिसलं, की चमत्काराच्या आधी दोन साधी कामं आहेत. घरात काय आहे त्याची यादी करणं, आणि शेजाऱ्यांच्या दारात रिकामं भांडं घेऊन जाणं. म्हणजेच, चारचौघांत सांगणं. दुसरं काम फार जड होतं हो!

मी सांगितलं. आधी घरात पूर्ण आकडा, मग पॅरिशमध्ये. बँकेतून रिटायर झालेले एक अंकल तीन संध्याकाळी माझ्यासोबत एक्सेल शीट घेऊन बसले. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे लोक तांदूळ-डाळीची पिशवी घेऊन आले. ही संस्था १८३३ मध्ये पॅरिसमध्ये काही तरुणांनी सुरू केली, आणि आज कितीतरी पॅरिशमध्ये ती गुपचूप काम करते. नाताळात मी त्यांना चेक द्यायचे. आता पिशवी घेणारे हात माझे होते. मम्मीने त्यांना चहा केला, कुणीही काही विचारलं नाही.

ऋण हा शब्द बायबलला नवा नाही

कर्जमाफी म्हणजे बेइमानी, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. फादरनी अनुवाद आणि लेवीय ही पुस्तकं उघडून दाखवली. दर सातव्या वर्षी कर्ज सोडून द्यायचा नियम. दर पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ घराकडे परत. पोप फ्रान्सिस यांनी २०२५ हे ज्युबिली वर्ष जाहीर करताना आशा हाच विषय ठेवला, आणि श्रीमंत देशांनी गरीब देशांची कर्जं माफ करावीत असं आवाहन केलं, ते याच परंपरेतून. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत, मत्तयच्या शुभवर्तमानात, अपराधांसाठी मूळ ग्रीक शब्दच कर्जाचा आहे. म्हणजे बुडालेल्या माणसाला पुन्हा उभं राहू देणं, ही कायद्याने काढलेली पळवाट नाही. ती फार जुनी माणुसकी आहे.

मग मी सही केली का? नाही. कारण नादारीत सुतारही बँकांच्या रांगेत उभे राहिले असते आणि त्यांच्या हाती काय पडलं असतं ते देवालाच ठाऊक. मला पगार होता, वाटाघाटीला जागा होती. पण ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, त्याने तो अर्ज खुशाल करावा, मान वर ठेवून. हे मी आज खात्रीने सांगते.

२०२३ मध्ये लोकअदालतीत बिझनेस लोन ५ लाखांवर मिटलं, ३० हप्त्यांत. टेम्पो आणि हत्यारं विकून २ लाख ६० हजार आले. त्यातले दीड लाख कार्डांच्या सेटलमेंटला गेले आणि ७० हजारांत सुतारांची सगळी मजुरी चुकती झाली. पर्सनल लोनचा हप्ता ९ हजारांवर आणला, तो २०२७ पर्यंत चालणार. प्लायवूडवाल्या शेठना दर महिन्याला ५ हजार. सिबिलमध्ये ‘सेटल्ड’ असा शेरा बसला. तो आहेच.

याच काळात माझी जुनी वही चाळताना एक नोंद सापडली. एका फुलवाल्याने १२ हजार ॲडव्हान्स घेतला होता आणि लॉकडाऊनमध्ये तो गावी निघून गेला होता. नंबर लागत होता. घरातलं कुणीतरी म्हणालं, ‘माग की, तेवढाच एक हप्ता सुटेल.’ मत्तयच्या अठराव्या अध्यायात एक नोकर आहे. राजा त्याचं दहा हजार टॅलेंटचं कर्ज सोडतो. एक टॅलेंट म्हणजे साधारण ६,००० दिवसांची मजुरी, म्हणजे एकूण ६ कोटी दिवस! आणि हाच नोकर बाहेर पडून शंभर दिवसांच्या मजुरीसाठी दुसऱ्याचा गळा धरतो. मी फुलवाल्याला फोन लावला, तब्येत विचारली आणि सांगितलं, हिशेब मिटला. तो पलीकडे बराच वेळ काही बोलला नाही. त्या रात्री, कितीतरी महिन्यांनी, मला सलग झोप लागली.

ट्रेनमध्ये हल्ली लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचतेय. रेव्हरंड टिळकांच्या हातात पैसा टिकायचा नाही, घरात सदा चणचण, आणि तरी बाईंची विनोदबुद्धी शाबूत! मराठी ख्रिस्ती घरांना ही चणचण आणि ही आशा दोन्ही वारशाने मिळालीत, असं वाटतं. माझ्या कर्जातला एकही रुपया आकाशातून फिटला नाही. पण आकडा मोठा आहे की मी, या प्रश्नाचं उत्तर मला चर्चच्या बाकावर मिळालं.

कर्ज अंगावर आलं तर...

* पूर्ण आकडा एका कागदावर लिहा आणि घरातल्या एका तरी माणसाला दाखवा.

* वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करू नयेत, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलंय. नातेवाइकांना त्रास देणंही बंद. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत दाद लागली नाही तर लोकपालाकडे जा. फी नाही.

* हप्ता थकणं हा दिवाणी मामला आहे. चेक किंवा ऑटो-डेबिट बाउन्स झालं तर मात्र फौजदारी केस होऊ शकते. ती नोटीस ड्रॉवरमध्ये टाकू नका.

* कोर्टाचा हुकूमनामा झाला तरी पूर्ण पगार जप्त होत नाही. पहिले १,००० आणि उरलेल्यातले दोन तृतीयांश तुमचेच. माझ्या ४८ हजारांतले ३२ हजार ३३३ सुरक्षित होते. पीएफलाही हात लागत नाही.

* सेटलमेंट लेखी घ्या. पैसे भरल्यावर ‘नो ड्यूज’ पत्र घेतल्याशिवाय हलू नका.

* एक कर्ज फेडायला त्याहून महागडं दुसरं घेऊ नका. ॲपवरचं तर नाहीच नाही.

* आणि चर्च, देऊळ, मशीद, कट्टा, जिथे तुमची माणसं असतील तिथे जाणं थांबवू नका. रिकामं भांडं घेऊन गेलात तरी चालतं.