इनामाचा शिक्का आणि तिकीटबारीचा गल्ला

दर वर्षी फेब्रुवारी-मार्च महिना आला की अमेरिकेतल्या ऑस्कर पुरस्कारांची बातमी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येते. मग आपले राष्ट्रीय पुरस्कार, फिल्मफेअर, राज्य सरकारचे पुरस्कार. सिनेमा पाहावा की पाहू नये हा उलेमांचा विषय आहे, त्यात पडण्याचा आमचा इरादा नाही. पण सिनेमा हा एक मोठा व्यापार आहे, आणि पुरस्कार म्हणजे त्या मालावर उमटलेला शिक्का. या शिक्क्याने माल जास्त खपतो का, हा सवाल मात्र आपल्या कामाचा आहे. कारण आपल्या बाजारातही आता शिक्के, प्रमाणपत्रे आणि ट्रॉफ्या विकणाऱ्यांची गर्दी झाली आहे.

पूर्वी हा शिक्का चालत असे, यात शंका नाही. सन २००८ चा 'स्लमडॉग मिलियनेअर' घ्या. मुंबईच्या झोपडपट्टीची कथा, इंग्रज दिग्दर्शक, संगीत आपल्या ए. आर. रहमान यांचे आणि ध्वनीचे काम रसूल पुकुट्टी यांचे. दोघांनाही ऑस्कर मिळाले आणि चित्रपटाला एकूण ८. अमेरिकेत या चित्रपटाने सुमारे १४ कोटी १० लाख डॉलरचा धंदा केला. त्याचा हिशोब पाहण्यासारखा आहे. नामांकने जाहीर होईपर्यंत साडेचार कोटींच्या आसपास, नामांकनापासून पुरस्काराच्या रात्रीपर्यंत सव्वापाच कोटींच्या वर, आणि पुरस्कार मिळाल्यानंतर आणखी सव्वाचार कोटींच्या आसपास. म्हणजे तीनपैकी दोन हिस्से गल्ला शिक्क्याच्या चर्चेनंतर आला. आणि त्यातही मोठा हिस्सा इनाम मिळाल्यावर नव्हे, तर मिळणार मिळणार म्हणून गाजावाजा चालू होता तेव्हा आला. व्यापाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

हे का घडले? तर वितरकांनी माल हात राखून सोडला होता. नोव्हेंबर २००८ मध्ये चित्रपट अमेरिकेत अगदी थोड्या पडद्यांवर लावला. जसजशी चर्चा वाढली तसतसे पडदे वाढवले. गिऱ्हाईक विचारू लागले तेव्हा माल दुकानात होता, आणि दुसरीकडे कुठे मिळत नव्हता. शिक्क्याचा फायदा होण्यासाठी या दोन्ही अटी लागतात.

वेळ चुकली की शिक्का वाया

आता उलटे उदाहरण पाहा. मार्च २०१० मध्ये 'द हर्ट लॉकर' या चित्रपटाला सर्वोत्तम चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. त्याने हरवले कोणाला? जगभरात २७० कोटी डॉलरच्या घरात धंदा करणाऱ्या 'अवतार'ला. पण 'हर्ट लॉकर'चा अमेरिकेतला सगळा गल्ला १ कोटी ७० लाख डॉलर. सबब अशी की चित्रपट आदल्या उन्हाळ्यातच लागून उतरला होता आणि पुरस्काराच्या आधीच त्याची डीव्हीडी बाजारात आली होती. ईद होऊन गेल्यावर शेरवानीला पहिले बक्षीस मिळावे, तसा प्रकार झाला.

'मूनलाइट' या चित्रपटाला फेब्रुवारी २०१७ मध्ये ऑस्कर मिळाले तेव्हा त्याचा अमेरिकेतला धंदा सव्वादोन कोटी डॉलरच्या आसपास होता. पुरस्कारानंतर भर पडली ती साधारण ५५ लाखांची. कोरियाच्या 'पॅरासाइट'चे नशीब बरे होते. फेब्रुवारी २०२० मध्ये इंग्रजी नसलेल्या चित्रपटाला प्रथमच सर्वोच्च ऑस्कर मिळाले आणि वितरकाने लगेच पडदे हजारावरून दोन हजारांवर नेले. साडेतीन कोटींचा गल्ला सव्वापाच कोटींच्या पुढे गेला. पण इथेही कारण नीट पाहावे. तिथे पुष्कळ लोकांना त्या चित्रपटाचे नावही माहीत नव्हते. शिक्क्याने त्यांना खबर दिली. ज्याचे नाव सगळ्यांना आधीच ठाऊक आहे त्याला शिक्का नवे काय देणार? 'ओपनहायमर'ला मार्च २०२४ मध्ये ७ ऑस्कर मिळाली, पण त्याचा ९५ कोटी डॉलरचा धंदा त्याआधीच होऊन गेला होता.

त्यात आता घरबसल्या सिनेमा आला. मार्च २०२२ मध्ये सर्वोत्तम ठरलेला 'कोडा' हा ॲपल कंपनीने आदल्या ऑगस्टपासूनच आपल्या ग्राहकांना घरी दाखवला होता. त्याला तिकीटबारीचे काय? जो माल गिऱ्हाइकाच्या घरात आधीच पोचला आहे, तो शिक्का बसला म्हणून कोणी पुन्हा विकत घेत नाही.

मार्च २०२५ मध्ये जिंकलेल्या 'अनोरा'चा जमाखर्च तर प्रत्येक व्यापाऱ्याने वाचावा. चित्रपट बनवायला खर्च ६० लाख डॉलर. पुरस्कारासाठीच्या प्रचाराला, वर्तमानपत्रांनी दिलेल्या आकड्यानुसार, १ कोटी ८० लाख डॉलर. म्हणजे मालापेक्षा तिप्पट पैसा शिक्क्यावर! आणि पुरस्कारानंतर अमेरिकेच्या तिकीटबारीवर वाढ झाली ती सुमारे ५० लाखांची. अलबत्ता जगभरचा एकूण गल्ला साडेपाच कोटींच्या वर गेला, टीव्हीचे आणि परदेशी हक्कही असतात, म्हणून ते तोट्यात गेले असे म्हणता येणार नाही. पण केवळ तिकिटांच्या भरवशावर असा खर्च करणारा आपल्या बाजारात टिकणार नाही.

आपल्याकडचा तजुर्बा

आपल्या महाराष्ट्राला पुरस्कारांचा इतिहास आहे. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक १९५४ मध्ये आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला मिळाले. त्यानंतर मराठी चित्रपटाला सर्वोच्च राष्ट्रीय पुरस्कार मिळायला पन्नास वर्षे लागली. २००४ मध्ये 'श्वास'ला तो मिळाला आणि भारतातर्फे ऑस्करलाही तोच गेला. या पुरस्काराने 'श्वास'ला नवा प्रेक्षक दिला आणि मराठी चित्रपटाकडे पाठ फिरवलेला वर्ग पुन्हा थिएटरकडे वळला. त्या वेळी पाहायचे तर थिएटरातच जावे लागे.

पण २०१५ मध्ये 'कोर्ट' पाहा. व्हेनिसच्या महोत्सवात इनाम, मार्चमध्ये सर्वोत्तम भारतीय चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, आणि एप्रिलमध्ये प्रदर्शन. याहून चांगली वेळ साधता आली नसती. तरी तो गर्दीचा चित्रपट झाला नाही, जाणकारांचाच राहिला. पुढच्याच वर्षी, २०१६ च्या एप्रिलमध्ये 'सैराट' आला आणि १०० कोटींचा पल्ला गाठणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. त्याच्या नायिकेला प्रदर्शनाआधी राष्ट्रीय पुरस्कारात विशेष उल्लेख मिळाला होता हे खरे. पण खेड्यापाड्यांतून टेम्पो भरून लोक आले ते गाण्यांसाठी आणि आपल्या गावची गोष्ट पडद्यावर दिसली म्हणून. २०२३ मध्ये 'बाईपण भारी देवा'ने ७० कोटींहून अधिक धंदा केला, तो बायकांनी एकमेकींना सांगून. त्या वेळी त्यावर कोणताही शिक्का नव्हता.

याचे कारण आपल्या गिऱ्हाइकाच्या मनात आहे. आपल्याकडे बरीच वर्षे 'अवॉर्डवाला पिक्चर' म्हणजे संथ, उदास, समजायला कठीण, असा लोकांचा समज होता. दूरदर्शनवर रविवारी दुपारी असे पुरस्कारप्राप्त प्रादेशिक चित्रपट फुकट लागत, तेव्हा पुष्कळ घरांत तीच वेळ जेवून झोपण्याची असे. जो शिक्का पाहून परीक्षक खूश होतो, तोच पाहून साधे गिऱ्हाईक बिचकते, हेही बाजारात घडते.

शिवाय आपले राष्ट्रीय पुरस्कार फार उशिरा येतात. 'ट्वेल्थ फेल' हा हिंदी चित्रपट ऑक्टोबर २०२३ मध्ये लागला, तोंडी प्रसिद्धीवर चांगला चालला आणि डिसेंबरअखेर घरच्या पडद्यावर आला. त्याला सर्वोत्तम चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला १ ऑगस्ट २०२५ रोजी. मान मोठा आहे, पण तिकिटे विकायला तेव्हा दुकान उघडे कुठे होते?

पूर्वी चांगल्या चित्रपटाला राज्य सरकार करमुक्त करी, तेव्हा तिकीट खरोखरच स्वस्त होई आणि गर्दी वाढे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि तो जुना करमणूक कर त्यात विलीन झाला. सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के आणि त्यावरील तिकिटावर १८ टक्के कर आहे. पुरस्कार मिळाला म्हणून हा दर बदलत नाही.

कापडवाल्याच्या नजरेतून

आम्ही कापडाच्या धंद्यातले, म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. १९९४ च्या ऑगस्टमध्ये 'हम आपके हैं कौन' लागला. त्यातली माधुरी दीक्षितची जांभळी साडी बायकांनी अशी उचलली की लगीनसराईत त्या रंगाचा माल पुरेना. त्या चित्रपटाला फिल्मफेअरचा पुरस्कार मिळाला तो पुढच्या वर्षी. साडी विकली गेली ती पडद्यावर दिसली म्हणून, बाहुलीमुळे नव्हे. ज्यांनी पहिल्या महिन्यात रंग ओळखून ताके उचलले त्यांनी कमावले. ज्यांनी पुरस्काराची वाट पाहिली त्यांच्याकडे माल आला तेव्हा बाजार पुढे गेला होता.

हे सगळे आज लिहिण्याचे कारण दुसरेच आहे. हल्ली आपल्या कारखानदारांना, शिलाईवाल्यांना, बेकरीवाल्यांना फोन येतात की तुमची 'उद्योगरत्न' किंवा 'व्यापारभूषण' पुरस्कारासाठी निवड झाली आहे, मोठ्या हॉटेलात समारंभ आहे, अमुक पाहुण्यांच्या हस्ते ट्रॉफी मिळेल, फक्त नोंदणीचे पैसे भरा. आमच्या माहितीतले दोन-तीन यंत्रमागवाले भरून आले. ट्रॉफी काउंटरवर आहे. पण गिऱ्हाइकाने तिच्याकडे पाहून एक मीटरही जास्त घेतले नाही.

साधा हिशोब करा. समजा नोंदणी, प्रवास आणि फोटो मिळून २५ हजार गेले. ग्रे कापडात मीटरमागे २ रुपये सुटत असतील तर एवढी रक्कम भरून काढायला साडेबारा हजार मीटर कापड जादा विकावे लागेल. हीच रक्कम मागाच्या दुरुस्तीत घातली, नव्या डिझाइनचे नमुने काढले किंवा कारिगराची थकलेली मजुरी चुकवली, तर त्याचा फायदा दर महिन्याला दिसेल आणि त्यात बरकतही राहील.

याचा अर्थ सगळेच शिक्के फोल आहेत असा नाही. केंद्र सरकार हातमाग विणकरांना राष्ट्रीय पुरस्कार आणि संत कबीर पुरस्कार देते, ते कसब पारखून दिले जातात. पैठणीला आणि सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. हे शिक्के गिऱ्हाइकाला अशी खबर देतात जी त्याला डोळ्यांनी कळत नाही, म्हणजे माल हाताचा आहे की नाही, तिथलाच आहे की नक्कल आहे. म्हणून त्यांची कदर होते आणि चार पैसे जास्त मिळतात. आपल्या कारिगरांपैकी ज्यांना असा अर्ज करता येईल त्यांनी आळस करू नये. मात्र अर्ज करतानाच मालाची तयारी ठेवावी. नाव छापून आले, चौकशी आली आणि दाखवायला चार नग नाहीत, असे होऊ नये.

तेव्हा कोणी इनामाचे पत्र घेऊन आले तर चार सवाल विचारावेत. हा शिक्का देणारा कोण आहे आणि तो पैसे घेऊन देतो की पारख करून? माझ्या गिऱ्हाइकाला त्या शिक्क्याची ओळख आहे का? तो मिळेल तेव्हा माझ्याकडे माल आणि हंगाम दोन्ही असतील का? आणि एवढ्याच पैशात मालच सुधारता आला तर? चारही सवालांची जबाबे समाधानाची असतील तर बिस्मिल्लाह म्हणून अर्ज करावा. नसतील तर फोन करणाऱ्याला सलाम करून आपल्या कामाला लागावे.